लग्नवाल्या बाई आणि वादळ

वादळांनी माझे दोन ड्रोन गिळले होते. उरला होता हा तिसरा, आणि शेवटचा. हवामान केंद्रातले शास्त्रज्ञ माझ्या पाठीमागे मला 'लग्नवाल्या बाई' म्हणत, कारण वीस वर्षं मी लग्नांचंच चित्रीकरण केलं होतं. आज वादळाची सोंड जमिनीला टेकताना जवळून टिपली तर हंगामभर त्यांच्या पथकात जागा. नाही तर परत नवरा-नवरीच्या मागे मागे फिरा. मला ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं.

गाडी चालवायला माझ्या थोरल्या नणंदबाई होत्या. तीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेल्या. गाडीला ब्रेक असतो, ही त्यांच्या मते अफवा होती.

पेट्रोल पंपाच्या आवारातून ड्रोन उडवला. पाचच मिनिटांत वादळानं रोख बदलला. मी कंट्रोलर छातीशी धरून पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात चढले आणि वन्संनी गाडी तीन किलोमीटर लांब पळवली. ड्रोन मात्र वरच ठेवला होता.

आणि सोंड उतरली. कुंपणाचे खांब एकेक करून उपटले जाताना मला पडद्यावर दिसत होते. मी चक्क किंचाळले, "मिळालं, वन्सं! मिळालं!"

"मग आण की त्याला घरी," त्या खिडकीतून ओरडल्या.

घरी! बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप उडाल्या जागी परततो. ती जागा बदलायला मी साफ विसरले होते. त्याच्या लेखी घर म्हणजे पंप, आणि पंपावर आता लिंबाएवढ्या गारा कोसळत होत्या. सगळं चित्रण त्याच्याच पोटातल्या कार्डात.

वीस टक्के. ड्रोननं पंपाकडे तोंड फिरवलं. मी हुकूम रद्द केला. त्यानं पुन्हा फिरवलं, मी पुन्हा रद्द केला. हट्टी मेला!

बरं, माझ्याकडे वळवला तर समोरून वारा. जागचा हलेना. पण झुंबरांच्या खालून, पाहुण्यांच्या डोक्यांवरून ड्रोन काढण्यात माझी निम्मी हयात गेली होती. मी त्याला थेट पिकाच्या शेंड्यांवर आणला, हातभर उंचीवर. खाली वाऱ्याचा जोर कमी होता. तो सरकू लागला. अकरा टक्के. नऊ.

"नाही पोचणार तो," मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

"अगं, पेशंट येऊ शकत नसेल तर आपण जायचं असतं!" वन्संनी गाडी वळवली आणि सरळ वादळाच्या तोंडावर घातली. टपावर पहिली गार वाजली. मी हौद्यात उभी राहिले, गुडघे कठड्याला टेकवले आणि हात वर केला. दोन टक्के उरले असताना तो माझ्या मुठीत आला. पात्यानं बोट कापलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. परतताना आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

मुख्य शास्त्रज्ञांनी चित्रण तीनदा पाहिलं. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "बाई, उद्याची तारीख मोकळी आहे का? पूर्वेला आणखी एक तयार होतंय."

वीस वर्षं वधूपित्यांना दिलं तेच उत्तर मी त्यांनाही दिलं. "डायरी बघून सांगते."

बाहेर वन्संनी गाडी सुरूसुद्धा केली होती.