मनोऱ्यातला बुटका दरवाजा

मी एक जुना, बुटका दरवाजा आहे. मला पाहायचे असेल तर घड्याळाच्या मनोऱ्यात या, गोल जिना चढा आणि शेवटच्या पायरीवर दम खात बसा. समोर दिसेन तो मीच. माझ्या पलीकडे घड्याळाचे यंत्र आहे: दातेरी चाके, लोंबकळणारी वजने आणि टोले देणारा हातोडा. तिकडे जायची वाट माझ्यातूनच जाते, दुसरी नाही. तेव्हा मित्रांनो, उंचीने मी लहान असलो, तरी माझा मान मोठा आहे.

मला घडवणाऱ्या सुताराला मेस्त्रीने बजावले होते, "भिंतीवर घंटेचा भार आहे. दार जेवढ्यास तेवढंच ठेव." म्हणून सुताराने त्या वेळच्या घड्याळजींना भिंतीला टेकवून उभे केले, अंगाचे माप घेतले आणि वर चार बोटे जागा सोडली. ते घड्याळजी होते काटकुळे. पुढे येणारेही तसेच असतील, असे सुतार धरून चालला. बिचाऱ्याला भविष्य काय ठाऊक!

माझी गोष्ट त्यांच्यानंतर आलेल्या घड्याळजींची आहे. आले तेव्हा त्यांना नुकते मिसरूड फुटले होते. घरून चालत यायचे, जिना एका दमात चढायचे आणि माझ्यातून असे सुळकन जायचे की माझ्या बिजागऱ्यांनाही पत्ता लागत नसे. आत जाऊन दोन्ही हातांनी घड्याळाला चावी द्यायची, म्हणजे अंगातून घामाच्या धारा लागत. परतताना मला तेलाच्या फडक्याने पुसत. रात्री नऊचे टोले पडले की झोपायची तयारी करत. "टोले मीच देतो, मीच पाळले नाहीत तर जग काय म्हणेल?" असे बायकोला सांगत. ते माझे सोन्यासारखे दिवस होते.

मग विजेची मोटार आली. ती चावी आपोआप देई आणि तिचे बटण तळमजल्यावर होते. घड्याळजींना तिथे एक फिरती खुर्ची मिळाली. खुर्ची फिरे, घड्याळजी मात्र फिरेनासे झाले. गोल जिना म्हणजे माझा कानच. खाली चमचा पडला तरी मला ऐकू येतो. पहिल्यांदा एक गोड चहा ऐकू आला, मग चहासोबत बिस्किटे आली, मग समोरच्या दुकानातून काहीबाही तळलेले येऊ लागले. आल्यागेल्याला आग्रह करायचा आणि त्याला सोबत म्हणून आपणही खायचे! घर हाकेच्या अंतरावर, तरी त्यांनी स्कूटर घेतली. पुढे हातात मोबाईल आला आणि नऊच्या टोल्यांची किंमत गेली. सकाळी ते जांभया देत येत आणि दिवसभर खा-खा सुटल्यासारखे करत.

"अहो, रात्री त्या डबड्यात बघत बसता आणि दिवसा डबे रिकामे करता," त्यांची बायको एकदा खालून म्हणाली. मी वर मनापासून हसलो. माझे हसू म्हणजे कुरकुर, ती कुणाला कळणार?

घड्याळजी आता केवळ यंत्राला तेल घालायला वर येत. एकदा माझ्या चौकटीत त्यांच्या सदऱ्याचे बटण तुटून पडले. पुढच्या वेळी ते आडवे होऊन शिरले. "लाकूड फुगलंय," असे म्हणून त्यांनी माझ्यावर खापर फोडले. मित्रांनो, मी आयुष्यात तसूभरही फुगलेलो नाही! पण सांगणार कोणाला? माझ्यावर कोळिष्टके चढली आणि तेलाचे फडके कुठे गेले ते फडक्यालाच ठाऊक.

शेवटी मोटार जळाली. घड्याळजी धापा टाकत वर आले, डोके घातले, खांदे घातले आणि अडकले. पुढे जाता येईना, मागे सरता येईना. हाका ऐकून बायको धावत आली.

"आत तरी जा, नाहीतर बाहेर तरी या. मधेच बिऱ्हाड थाटू नका!" असे म्हणत तिने घड्याळाचे तेल माझ्या चौकटीला चोपडले आणि त्यांना ओढून काढले. दोघेही पायरीवर बसून हसले. मग हसता हसता घड्याळजींनी माझ्याकडे कान लावला. आत लंबक थांबला होता.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे साहेब गवंड्याला घेऊन आले. तशी मोटार आता मिळत नव्हती. साहेबांनी मला न्याहाळले आणि म्हणाले, "सोपं आहे. दार फोडून मोठं करू." गवंड्याने माझ्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा ओढल्या. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

"घंटेचा भार आहे हो भिंतीवर," घड्याळजी म्हणाले. "आणि चूक दाराची नाही. गवंड्याची हातातली कामं संपेपर्यंत मला मुदत द्या."

"आणि तोवर चावी कोण देणार?" साहेबांनी विचारले.

"मी देते," बायको म्हणाली आणि पदर खोचून माझ्यातून आत गेलीसुद्धा.

घड्याळ चालू झाले. पण हातोडा ज्यावर झुलतो तो आडा थोडा सरकला होता आणि तो बसवायचे कसब एकट्या घड्याळजींच्या बोटांत होते. टोले बद्द वाजू लागले. घड्याळजी रोज जिना चढून माझ्यापाशी बसत, माझी कोळिष्टके काढत आणि आतला तो बद्द आवाज ऐकत. "एवढंसं काम आहे रे, हात पोचला तर," असे एकदा मला म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. दरवाजानेच माणसाला अडवावे, यासारखे दुःख नाही.

उत्साहाच्या भरात त्यांनी जेवणच बंद केले. परिणाम असा, की अर्ध्या जिन्यावर घेरी आली. बायकोने त्यांना धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी झापले ते त्यांनी परत येऊन मलाच सांगितले.

"म्हणाल्या, पोट एका दिवसात आलं नाही, एका दिवसात जाणारही नाही. उपाशी राहू नका. पोटभर भाजी खा, तळलेलं आणि गोड आवरा, चाला. आणि आधी झोपा! झोप अपुरी पडली की भूक मोकाट सुटते."

मग मोबाईल रात्रीपुरता पिठाच्या डब्याशेजारी जाऊन बसला. स्कूटरवर धूळ चढली. चहात साखर नाही म्हणून पहिले काही दिवस घड्याळजींचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे असे. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्यांनी चांगला हाणला, मग ओशाळून मला सांगितलेही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढले. आधी तीनदा थांबत, मग एकदा, मग थांबायचे विसरूनच गेले.

मुदत संपली. साहेब आले, छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी आला. घड्याळजींनी माझ्या चौकटीवर हात ठेवला आणि वाकले. डोके गेले, खांदे गेले आणि पोटाशी येऊन पुन्हा अडले! अगदी थोडक्यासाठी. साहेबांनी मान हलवली. गवंडी छिन्नी घेऊन माझ्यापाशी खाली वाकला, तर त्याचेच पोट आडवे आले आणि छिन्नी हातातून निसटून जिन्यावरून टणटण गेली.

"साहेब," गवंडी धापा टाकत म्हणाला, "दार फोडायचं असेल, तर इथं वाकायला माझ्याऐवजी कोणीतरी बारीक बघा!"

घड्याळजींना अडकल्या जागी असे हसू फुटले की छातीतला सगळा श्वास बाहेर पडला, पोट आत गेले आणि ते सुळकन पलीकडे! कित्येक वर्षांनी माझ्या बिजागऱ्यांना पत्ता लागला नाही.

थोड्या वेळाने टोले पडले. खणखणीत. खाली रस्त्यावरचे लोक वर पाहू लागले. बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि आत ओरडली, "अहो, आता जेवायला बाहेर या. दुपार झाली!"

मित्रांनो, मी कुणाच्या अंगाला हसत नाही. कुणी रुंद असते, कुणी सडपातळ असते. पण एक सांगतो, शरीर आपल्याला ओरडून काही सांगत नाही. ते एक बटण तोडते, एक धाप लावते. तेव्हा लाकूड फुगले म्हणू नका. भूक आणि जीभ यांतला फरक ओळखा, पायांना काम द्या आणि वेळेवर झोपा.

आता रोज सकाळी घड्याळजी चावी देऊन बाहेर येतात आणि तेलाच्या फडक्याने मला वरपासून खालपर्यंत पुसतात. भिंतीवरच्या खडूच्या रेघा मात्र त्यांनी अजून पुसलेल्या नाहीत. फडके तिथवर आले की ते हात आखडता घेतात, माझ्याकडे पाहून हसतात आणि जिना उतरू लागतात.