चटणीच्या बरणीतली न्याहारी

मित्रांनो, २०२३ सालच्या उन्हाळ्यात मला रोज सकाळी वाटायचं, ओट्यावरून खाली पडावं आणि फुटून जावं. आवाज ऐकून निदान कुणी धावत तरी आलं असतं.

मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीत तापून निघाले, पेंढ्यात गुंडाळून सोलापूरच्या बाजारात आले आणि तिथून सुंदरम्माने मला घरी आणलं. उखळात कुटलेली शेंगांची चटणी ती माझ्यात दाबून भरायची. माझ्या झाकणाला लागलेला लसणाचा वास आजवर गेलेला नाही. पाहुणे भाकरीबरोबर चटणी खाऊन तिचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, ते माझंच. पुढे सुंदरम्मा गेली. मी वरच्या फळीवर धूळ खात पडले.

मला खाली काढलं तिच्या सुनेनं, शिवलीलानं. तिची नोकरी कुर्डुवाडीला, गाडी पहाटेची. नवरा गुरु पुण्यात. घरात दिवसभर सासरे चनबसप्पा एकटे. एकदा ते चहा ठेवून, गॅस तसाच सोडून फिरायला निघून गेले होते. तेव्हापासून त्यांना शेगडीला हात लावायची बंदी होती. मग न शिजवता खायचं काय? शिवलीला संध्याकाळी माझ्यात ओट्स घालायची, वर दूध आणि सफरचंदाचे काप, आणि मला फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी झाकण काढलं की न्याहारी तयार. "मामा, हे खाऊनच साखरेच्या आजाराची गोळी घ्या," असं बजावून ती निघायची. आपण पुन्हा कामाला आलो, याचा मला केवढा आनंद झाला होता.

पण चनबसप्पा ते खात नव्हते.

आंघोळ झाली की ते गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करत. लिंगाला दाखवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. आणि रात्रीचं शिळं लिंगाला दाखवायचं नाही, हाही. मला समोर घेऊन ते बसून राहत. "सुंदरा, शिळं कसं दाखवू गं," असं माझ्याकडे बघून म्हणत. मग मागच्या दारी मांजरीच्या ताटलीत मला रिकामी करत, घासून ओट्यावर पालथी घालत. घरात केळं असलं तर ते दाखवून खात. नसलं तर उपाशीपोटीच गोळी घेत. दुपारी शेजारच्या पार्वतम्मा भाकरी घेऊन येईपर्यंत पोटात दुसरं काही नसे.

मी ओरडत होते, मित्रांनो. काचेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? संध्याकाळी शिवलीला मला स्वच्छ, पालथी बघायची आणि म्हणायची, "मामांना आवडलं वाटतं." दुसऱ्या दिवशी मूठभर ओट्स जास्त घालायची.

एकदा भिंतीपलीकडून पार्वतम्मा म्हणाल्या, "शिवलीला, तुमच्या मागल्या दारची मांजर लई फुगलीया की. बाळंतिणीचं खाती जणू."

"उंदीर गावत असतील, अक्का."

"उंदरानं अशी चमक येत न्हाई गं."

दोघी हसल्या. सगळं त्यांच्या समोर होतं आणि हसण्यावारी निघून गेलं.

चनबसप्पांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. मला घासताना त्यांचा हात थरथरायचा. एके दिवशी मी निसटले आणि माझ्या काठाचा टवका उडाला. तरी मी फुटले नाही. मग एका सकाळी पूजा झाली, उपाशीपोटीच गोळी घेतली आणि साखर उतरून ते बसल्या जागी कलंडले. दुपारी पार्वतम्मा भाकरी घेऊन आल्या तेव्हा कुठे रिक्षा बोलावली गेली.

दवाखान्यातून कपडे न्यायला शिवलीला घरी आली. मी झाकणासकट भरलेली तशीच होते. मागच्या दारी ताटलीपाशी मांजर वाट बघत बसली होती आणि ताटलीच्या कडेला वाळलेले ओट्स चिकटले होते. शिवलीला मला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली. तिला रडूसुद्धा येईना.

चनबसप्पा घरी आल्यावर ती म्हणाली, "मामा, मला सांगायचं की."

"तू पहाटेची उपाशी पळायलीस. तुला आणखी काय सांगू?" मग हळूच म्हणाले, "शिळं लिंगाला दाखवत न्हाईत, शिवलीला."

तिनं मला उचललं आणि तिला सुंदरम्माची, तिच्या आत्तीची, आठवण झाली. "आत्ती दही रात्रीच लावायच्या न्हवं?"

"व्हय."

"ते दाखवत होता की लिंगाला."

चनबसप्पांनी विचार केला. "दही शिळं नसतंय."

"मग ओट्स कोमट दुधात घालू आन विरजण लावू. सकाळी दहीच."

"विरजण मी लावणार. तुझा हात लई आंबट हाय."

ती हसली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

त्या संध्याकाळी थरथरत्या हातानं त्यांनी माझ्यात विरजण घातलं. अर्धं माझ्या अंगावर सांडलं. सकाळी दही लागलं होतं. त्यांनी वर चिमूटभर शेंगाचटणी घातली, ते लिंगाला दाखवलं आणि खाल्लं.

नंतर मांजर रुसली आणि पार्वतम्मांकडे राहायला गेली. त्या अजून त्या मांजरीला टोमणे मारतात. गुरु सोलापुरात परत आला. शिवलीलाची गाडी पहाटेचीच आहे. चनबसप्पांच्या हाताची थरथर कधी थांबली नाही. गेल्या हिवाळ्यात, पूजा करून, दही खाऊन ते गेले. त्या दिवशी मी अर्धी रिकामी होते आणि ते अर्धं त्यांच्याच पोटात होतं. हे ठामपणे सांगणारी मी एकटीच आहे.

माझ्यात आता पुन्हा चटणी असते. टवका उडालेली म्हणून मला कुणी टाकून दिलं नाही. मित्रांनो, एवढंच मागते. ओट्यावर भांडं घासून पालथं घातलेलं दिसलं म्हणजे घरातला माणूस जेवला, असं धरून चालू नका. घटकाभर त्याच्यापाशी बसा, त्याला खाताना बघा. आम्हा भांड्यांना सांगता येत नाही.