सात थांबे आणि तांबडी गाडी

गुरुदासबुवांनी गाडी घेतली ती हौसेखातर नव्हे, देवाच्या चाकरीसाठी घेतली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पन्नाशी उलटलेला, कपाळाला बुक्का लावणारा माणूस तांबड्या रंगाच्या दोनदारी गाडीतून धूळ उडवत निघालेला पाहून सावंतवाडीच्या बाजारात लोकांनी जे तर्क केले, तेच वाचणाराही करील.

बुवा दिवसा मामलेदार कचेरीत कारकून आणि संध्याकाळी हरिदास. राहायला पिंगुळीला, नोकरी वाडीला. त्यांच्या घराण्यात एक सेवा वडिलांपासून चालत आली होती. अधिक महिना आला की वालावलच्या लक्ष्मीनारायणापुढे तीस दिवस रोज कीर्तन. सातला उभं राहायचं आणि आरतीची घंटा व्हायच्या आत आख्यान पुरं करायचं. वडील महिनाभर देवळातच मुक्काम ठोकीत, त्यामुळे त्यांना हे सोपं गेलं. बुवांची कचेरी सुटायची साडेपाचला, आणि पुढे एसटी आपल्या मर्जीने चालायची. एकसष्ट सालच्या अधिकात चार दिवस असे झाले की बुवा पोचले तेव्हा आरती आटोपून लोक प्रसादाचे हात धूत होते. देवळाचा कारभार बघणारे भिकाजीपंत मवाळ माणूस. शेवटच्या दिवशी बुवांच्या हातात नारळ ठेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, की देवापुढे खंड बरा नव्हे, पुढल्या खेपेला एक दिवस जरी चुकला तरी दुसरा कुणी बुवा बघावा लागेल. तो नारळ बुवांच्या देवघरात तसाच राहिला. फोडायला हात धजेना.

चौसष्ट सालचा अधिक जवळ आला तशी बुवांनी गाडी शोधायला सुरुवात केली. युद्धात त्यांनी लष्कराचे ट्रक चालवले होते, म्हणजे चालवण्याची भीती नव्हती. गोवा मोकळा होऊन दोन वर्षं झाली होती आणि तिकडे परदेशी गाड्या अजून बऱ्याच होत्या. मडगावच्या एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, पुतण्या लिस्बनला निघून गेला होता, त्याची गाडी पडवीत झाकून ठेवलेली होती. पुतण्या तिच्यावर शर्यती खेळायचा. भाटकार खरा माणूस, त्याने काही लपवलं नाही. इंजिनाच्या पोटातला कॅमचा दांडा बदललाय, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवलेत, सायलेन्सर काढून सरळ नळी लावलीय, वजन नको म्हणून मागची सीट काढून टाकलीय, असं सगळं त्याने बोट लावून लावून दाखवलं. आणि शेवटी म्हणाला, "बुवा, ही गाडी धांवपाक केल्ली. रावपाक न्हय."

पळण्यासाठी केलेली, थांबण्यासाठी नव्हे. बुवांना हे ऐकून भरून आलं. त्यांना त्या शब्दांत गरुडच दिसला. त्यांनी बॉनेटला हात लावून नमस्कार केला आणि व्यवहार पुरा केला. मडगावहून पिंगुळीपर्यंत गाडी अशी आली की बुवांच्या डोक्यावरची टोपी बांद्यालाच उडाली, ती परत आणायलासुद्धा ते थांबले नाहीत. बुवांच्या पत्नी कावेरीवहिनींनी गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं, आणि आवाज ऐकून दोन पावलं मागे सरल्या.

घोटाळा झाला तो पहिल्या दिवशी.

वाडीहून वालावलला जाताना वाटेत सात ठिकाणी देव. कुठे मोठं देऊळ, कुठे नुसता पाषाण, आणि सगळ्यांत शेवटी वालावलच्या वेशीवर वडाखालचा राखणदार. वाटेतल्या देवाला विचारल्याशिवाय पुढच्या देवाकडे जायचं नाही, ही वडिलांची शिस्त. सायकलवरून असोत, बैलगाडीतून असोत, बुवा सातही ठिकाणी उतरत, वहाणा काढत, हात जोडत आणि मग पुढे होत. एसटीतून जाताना खिडकीतून हात जोडावे लागत, तेव्हा त्यांना ते उष्ट्या हाताने वाढल्यासारखं वाटे. स्वतःची गाडी घेण्यामागे तेही एक कारण होतंच.

तर पहिल्या थांब्यावर बुवांनी गाडी थांबवली. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्याबरोबर इंजिन दोनदा शिंकलं आणि गप्प झालं. नमस्कार करून आले तो गाडी सुरू होईना. हँडल मारून मारून खांदा भरून आला, तेव्हा कुठे ती उठली. दुसऱ्या थांब्यावर तेच. कुडाळेश्वरापाशी बाजारातल्या लोकांनी धक्का मारला. राखणदारापाशी तर इंजिन इतकं तापलं होतं की हँडलही ऐकेना. वडाखाली कृष्णाबाई मासळीची पाटी घेऊन बसायची, तिने आपल्या गिऱ्हाइकांना हाकारलं आणि चार माणसांनी गाडी उतारापर्यंत ढकलत नेली. बुवा देवळात शिरले तेव्हा पुजारी आरतीचं तबक लावत होता. वीस मिनिटांत त्यांनी आख्यान उरकलं. भिकाजीपंतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काही निराळं झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी कुडाळच्या महादू मिस्त्रीला गाठलं. महादूने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं, विडी पेटवली, मग समजावून सांगितलं. हिचा दांडा शर्यतीचा आहे. इंजिन जोरात फिरतं तोवर ही राणी. पाय काढला की हिचा श्वास तुटतो, आणि तापल्यावर तर पेट्रोल आतल्या आत गुदमरतं. ही साध्या गाडीसारखी पुटपुटत उभी राहणं शक्य नाही. साधा दांडा बसवता येईल, पण तो बेळगावहून यायला हवा, आणि काम धरलं की गाडी पंधरा दिवस खोलून पडणार.

"म्हणजे महिना गेला," बुवा म्हणाले.

"मग थांबू नका," महादू म्हणाला. त्याच्या मते उपाय सोपा होता.

बुवांनी मधला मार्ग काढून पाहिला. त्या दिवशी कावेरीवहिनी बरोबर होत्या. देवळासमोर गाडी उभी करून बुवांनी उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून धरला आणि बसल्या जागी हात जोडले. पायात वहाणा, नळीतून गडगडाट, देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडून गेली, आणि गुरव हातातली घागर घेऊन बाहेर धावत आला.

वहिनी पुढे बघत म्हणाल्या, "अहो, तुम्ही देवाला नमस्कार करताय की दम देताय?"

त्यानंतर बुवांनी ते केलं नाही. कधी उतारावर गाडी लावून बघ, कधी माणसं आधी सांगून ठेव, असं करत दिवस काढले. पण प्रत्येक दिवशी वेळ काठावर. सहाव्या दिवशी तर आरतीची पहिली घंटा झाल्यावर पुजारी त्यांच्यासाठी मुद्दाम थांबला, आणि भिकाजीपंतांनी ते पाहिलं. सातव्या दिवशी कचेरीतच पाऊण तास उशीर झाला. बुवा गाडीत बसले, जीभ दाताखाली धरली, आणि सातही देव मागे टाकत सरळ निघाले. एकदाही पाय काढला नाही. गाडी अशी पळाली की तिला जणू इतके दिवस याचीच वाट होती. बुवा देवळात पोचले तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. भिकाजीपंत प्रसन्न हसले. स्वतःच्या हाताने त्यांनी बुवांना बुक्का लावला, हार घातला.

आख्यान गजेंद्रमोक्षाचं. बुवांचं हातखंडा. हत्तीचा पाय मगरीने धरलाय, हत्ती सोंडेत कमळ घेऊन हाक मारतोय, आणि भगवंत हातातलं सगळं टाकून धावत निघालेत. इथवर झांजा, तबला, पेटी सगळं रंगात आलं. इथे बुवा नेहमी एक गिरकी घेत आणि भगवंतांना गरुडाचा वेगही कमी वाटला, ते अनवाणी धावले, असं सांगत. अनवाणी हा शब्द तोंडात आला आणि बुवा थांबले. पुढचं पद आठवेना. तीस वर्षांत प्रथमच. पेटीवाल्याने दोनदा सूर देऊन पाहिला. मग बुवांनी चिपळ्या खाली केल्या आणि साध्या आवाजात सांगून टाकलं, की मंडळी, देव भक्तासाठी वाहन सोडून धावला, आणि मी आज वाहनात बसून सात देवांना न विचारता आलो. माझी जीभ धरली गेली आहे. उद्यापासून मी विचारून येईन, आणि वेळेवर पोचलो नाही तर ही सेवा दुसऱ्या कुणाला द्यावी.

सभेतल्या माना भिकाजीपंतांकडे वळल्या. तेवढ्यात मागच्या खांबाशी बसलेली कृष्णाबाई उठून उभी राहिली. अधिक महिन्यात निम्मं गाव मासळी खात नाही, त्यामुळे तिची पाटी लवकर आवरायची आणि ती रोज कीर्तनाला येऊन बसायची.

"बुवानू," ती म्हणाली, "कोणी सांगल्यान इचारूक नाय म्हणान? तुमची गाडी नेरूरच्या चढणीक लागली की तिचो आवाज माका वडाखाली आयकाक येता. आज तुम्ही थांबणार नाय, ह्या त्या आवाजावरनाच समाजला. मी राखणदाराक फूल ठेवलंय आणि तुमच्या नावान गाऱ्हाणा घातलंय. तुम्ही येयपर्यंत माझा घालून झालेला."

"पण माझं मी घालायला नको?"

"आता ह्या काय? गाऱ्हाणा आपला आपण कोण घालता? तुमच्या बापाशीन तरी घातल्यान काय कधी?"

सभेत हसू पसरलं, कारण म्हातारी खरं बोलत होती. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या रीतीत, गाऱ्हाणं नेहमी दुसरा घालतो. ज्याचं मागणं त्याने नुसतं हात जोडून उभं राहायचं, बोलायचं मानकऱ्याने किंवा गुरवाने, आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बुवा इतकी वर्षं नमस्कार करत आले होते, गाऱ्हाणं मात्र त्यांच्यासाठी कधी कुणी घातलं नव्हतं, कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. बुवांनी भिकाजीपंतांकडे पाहिलं. पंतांनी मान डोलावली आणि म्हणाले, "शास्त्राला धरून आहे. चला, हत्ती पाण्यात उभा आहे."

पुढचं पद बुवांना तिथल्या तिथे आठवलं.

बातमी एसटीच्या आधी गावोगाव पोचली. नेरूरला गुरवाने अंगावर घेतलं. कुडाळात फुलवाली तुळसा म्हणाली, आवाज आला की मी उठते, नाहीतरी त्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. पिंगुळीला कावेरीवहिनी होत्याच. असं करत करत बाराव्या दिवसापर्यंत सातही ठिकाणी कुणी ना कुणी उभं राहू लागलं. गाडी घोंघावत गेली की मागे हात जोडलेलं माणूस, आणि पुढे बुवा, डोळे रस्त्यावर. एकोणतिसाव्या दिवशी पेट्रोलच्या नळीत कचरा आला, तेव्हा उशीर होऊन आरतीची घंटा अगदी तोंडावर आली. पण घंटेच्या आत बुवांनी आख्यान पुरं केलं. तीसही दिवस पुरे झाले. भिकाजीपंतांनी दिलेला नारळ या खेपेला बुवांनी घरी नेला नाही, तिथेच फोडून वाटला.

दुसऱ्या दिवशी बुवांनी गाडी महादूच्या शेडमध्ये सोडली. बेळगावहून दांडा आला होता. महादूने सायलेन्सरही आणून ठेवला होता, कसा बसवणार ते तो हौसेने सांगू लागला. बुवा म्हणाले, दांडा बसव, सायलेन्सर राहू दे, लोकांना आवाज ऐकू यायला हवा. मग सात नारळ पिशवीत घालून ते एसटीने पहिल्या थांब्यापाशी गेले आणि तिथून पायीच निघाले, गुडघे दुखत होते तरी. प्रत्येक थांब्यावर ज्याने त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं, त्याला शेजारी उभं करून त्यांनी त्याच्यासाठी घातलं.

वडाखाली पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. कृष्णाबाईच्या पाटीत चार सुंगटं, म्हणजे कोळंब्या, उरल्या होत्या. बुवांनी वहाणा काढल्या, नारळ राखणदारापुढे ठेवला आणि तिला विचारलं, तुझ्यासाठी काय मागू?

तिने पाटीवर फडकं ओढलं.

"गुडघे बरे कर म्हणान सांगा. तुमचे आणि माझे, दोघांचे. आणि ती गाडी रवाक शिकली की माका एकदा देवळापर्यंत सोडा. मागे सीट नाय, म्हणजे पाटी बरी बसतली."

बुवांनी हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, ही कृष्णाबाई तुझ्या वेशीर बसान गावाची राखण करता. तिच्या गुडघ्याक बळ दी. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल. आणि पुढल्या अधिकाक तिका गाडयेत बसान येवंक दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कृष्णाबाई म्हणाली.

त्याच वेळी तिकडे कुडाळात तांबडी गाडी महादूच्या शेडमध्ये, चाकांखाली दगड लावून, मुकाट्याने उभी होती.