लाकनरचं छप्पर

चार जोड्या चाकांच्या त्या मालगाडीच्या इंजिनांना कंपनीनं सगळं काही दिलं होतं, फक्त छप्पर द्यायचं राहिलं होतं. समोर एक उभा पत्रा आणि त्यात दोन गोल काचा. सगळे त्याला चष्मा म्हणत. चष्म्यामागे ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहत आणि सेमरिंगच्या घाटात आभाळातून जे काही पडेल ते अंगावर घेत. डोक्यावर छप्पर आलं की माणूस पेंगतो, असं कंपनीचं मत होतं. हे मत व्हिएन्नात, छपराखाली बसून ठरलं होतं.

घाटाखालच्या ग्लॉग्निट्सचा ड्रायव्हर ऑस्वाल्ड लाकनर, त्याचंही मत तेच. स्टेशनसमोरच्या खानावळीत बियरच्या प्रत्येक मगाबरोबर तो ते नव्यानं मांडत असे. मिशीला बर्फ धरलेला ड्रायव्हर तोच खरा. "छपराखाली कोंबड्या बसतात," तो म्हणायचा, आणि एक कान गारठून निकामी झालेला म्हातारा ड्रायव्हर आम्ब्रोस आपला मग रिकामा करायचा.

मग काळ बदलला आणि नेमकं लाकनरचंच इंजिन कारखान्यातून छप्पर घालून आलं. ही चाचणी होती. वसंतात इन्स्पेक्टरसाहेब येऊन लाकनरला विचारणार, आणि तो म्हणेल त्यावर बाकीच्या इंजिनांचं ठरणार. खानावळीत त्या दिवसापासून सगळे लाकनरशी फार अदबीनं बोलू लागले.

पहिल्याच पावसात लाकनरनं छपराखाली सॉसेज आणि पाव खाल्ला. पावात पाणी नसलं तर त्याला चव असते, हे त्याला एवढ्या नोकरीत प्रथमच कळलं. पंचाईत पुढं होती. ग्लॉग्निट्सला कोरडं उतरायचं कसं?

"येर्नेय, बादली भर."

क्रायनाहून आलेला त्याचा फायरमन येर्नेय शब्दाबाहेर नव्हता. "टोपी काढून ओतू, मास्तर?"

"टोपीसकट. टोपी काढून भिजतो कोण?"

तेव्हापासून पावसाळी हवेत शेवटच्या वळणाआधी लाकनर नेमानं भिजू लागला.

"छप्पर आल्यापासून तू जास्तच भिजतोस," बायको क्रेसेन्झ कोट पिळत म्हणाली.

"वारा तिरका असतो."

"घाटातला वारा कॉलरमधून आत शिरतो, आणि खिशातला रुमाल कोरडा ठेवतो?"

"फार तिरका असतो."

इन्स्पेक्टरसाहेब यायच्या दिवशी घाटावर धो धो पाऊस होता. बादली रिती झाली, वळण संपलं, आणि खाली ग्लॉग्निट्स लख्ख उन्हात पसरलेलं दिसलं. अंगणाअंगणांतून चादरी वाळत होत्या. फलाटावर मिटलेली छत्री घेऊन साहेब आणि त्यांच्यामागे झाडून सगळे ड्रायव्हर.

लाकनर निथळत उतरला. मागून येर्नेय उतरला, कोरडा ठणठणीत.

"काय रे लाकनर," आम्ब्रोस म्हणाला, "गाडी रुळावरून आणलीस की नदीतून?"

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. "तुमचं मत मी ऐकून आहे, लाकनर. काढून टाकू या हे?"

लाकनरनं मान डोलावली असती तर त्याचा शब्द राहिला असता आणि छप्पर गेलं असतं. त्याचंच नव्हे, सगळ्यांचं. मागं कोणी हसलं नाही. आम्ब्रोस आपला चांगला कान पुढं करून उभा होता.

"काढू नका, साहेब," लाकनर म्हणाला. "तोकडं आहे ते. मागं हातभर वाढवा. बघताय ना, माझी काय दशा झालीय."

"मग हा फायरमन कोरडा कसा?"

"मास्तर माझ्याही वाटचं भिजतात, साहेब," येर्नेय म्हणाला.

साहेबांना व्हिएन्नाची गाडी गाठायची होती. त्यांनी मान डोलावली.

पानगळीपर्यंत त्या जातीच्या सगळ्या इंजिनांवर छप्पर आलं, मागं हातभर लांब. ते इतकं लांब होतं की पाऊस कुठल्याही बाजूनं आला तरी आत शिरेना, आणि वारा तिरका होता म्हणायची सोयही उरली नाही. पहिल्या गारांच्या दिवशी लाकनर ग्लॉग्निट्सला पूर्ण कोरडा उतरला, खानावळीत आला, खुर्चीवर बसला. त्याच्या कोरड्या कोटाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळेच कोरडे होते. हे मात्र लाकनरच्या मनाला बरेच दिवस लागून राहिलं.