पुढच्या रविवारी

"माझं नाव तिसऱ्या ओळीत? मग फरशीच बसवू नका की," कमिटीतले याकोबदादा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

चर्चच्या नव्या सभागृहाच्या दारावर नावांची संगमरवरी फरशी लागायची होती. तिच्यावर कमिटीतल्या कुणाचं नाव कुणाच्या वर, या वादाचा हा सहावा रविवार. सेक्रेटरी शांतवनमामा कागदावर नावं खोडून पुन्हा लिहीत होते.

मामा तीस वर्षं दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधणारे ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं, अंथरुणाला खिळलेल्यांना येशूचं शुभवर्तमान वाचून दाखवायचं. प्रभूनं आपल्याला याचसाठी बोलावलंय, असं ते म्हणत. आवाजही तसाच भरदार. एक खोड मात्र होती. गोष्ट रंगात आली की ते पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "पुढचं पुढच्या रविवारी." ऐकणारा आठवडाभर ताटकळला की मामांना बरं वाटायचं.

शिवाजी पेठेतल्या चिमणाबाई त्यांच्या जुन्या पेशंट. साखरेनं डोळे गेलेले, पायाची जखम भरत नव्हती. देवघरात अंबाबाई, पण गोष्ट कुणाची का असेना, त्यांना ऐकायला हवी. येशूला वधस्तंभावर खिळल्याचं ऐकलं, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"त्याची आई हुती व्हय तितं?"

"होती, मावशी."

"अगंबाई."

मग मामांनी प्रेत कबरेत ठेवलं, दारावर धोंड लोटली आणि पुस्तक मिटलं.

"आनि पुढं?"

"पुढच्या रविवारी."

त्याच आठवड्यात मामांना सेक्रेटरी केलं. आधी रंगाचं काम निघालं, मग माईकचं, मग ही फरशी. चर्चपासून शिवाजी पेठ चालत दहा मिनिटं. आपल्याला कुणी, कशासाठी बोलावलंय हे मामांना कळत नव्हतं, असं नाही. कळत होतं, म्हणून तर त्यांचा राग येतो. चिमणाबाईंच्या सुनेचा, क्रांतीचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे, बघतो."

त्या सहाव्या रविवारी नावांचं एकदाचं ठरलं. मामांनी जाता जाता आपलं नाव एक ओळ वर घेतलं, पुस्तक काखेत मारलं आणि शिवाजी पेठेत गेले.

दार उघडंच होतं. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. क्रांती फरशी पुसत होती.

"शुक्रवारी गेल्या आत्या," ती म्हणाली. "आज तिसरा दिवस. सकाळीच रक्षाविसर्जन झालं."

"मला कळवायचं तरी."

"दोनदा फोन केलता की, मामा."

मामा उंबऱ्यातच उभे राहिले. क्रांतीनं फडकं पिळलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"शेवटपातुर इचारत हुत्या. त्या मानसाला आत ठेवला, धोंड लावली, मग पुढं काय? मी म्हटलं, मला काय ठावं. गुरुवारी म्हनाल्या, मामा येत न्हाईत, म्हंजे पुढं काय झालंच नसंल. तितंच राहिला बिचारा."

इतकी वर्षं ज्याच्या कबरेतून जिवंत उठण्याची साक्ष दिली, त्याला ते स्वतःच कबरेत ठेवून आले होते.

"काय झालं हुतं वो पुढं?" क्रांतीनं विचारलं.

मामांनी पुस्तक उघडलं. खूण तिथंच होती. "तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले, आणि तो भरदार आवाज तिथंच बसला. समोर ओली फरशी होती आणि रिकामी खाट.

क्रांतीनं कोनाड्यातली पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. आत चिमणाबाईंच्या पायाला बांधायच्या पट्ट्या होत्या, धुऊन, नीट गुंडाळलेल्या.

"ह्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "कुनाला तरी लागतील."