सांधेबाबाचं टक्

शेलार गावातल्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. आया कडेवर पोरं घेऊन उभ्या, पोरं रडून दमलेली, एकेक हात लुळा पडलेला. सांधेबाबा पोराचं कोपर धरायचा, तळहात वरच्या बाजूला फिरवायचा आणि हात दुमडायचा. आत बारीक टक् व्हायचं. "हड्डी बोली! सुना के नहीं सुना?" असं विचारत बाबा बिस्किट पुढं करायचा. मघापर्यंत लोंबणारा हात त्यावर झडप घालायचा. सगळी शेड जमिनीला डोकं टेकायची.

चंपाच्या तीन वर्षांच्या दीक्षाचा हात असाच बरा झाला होता. त्यामुळे नवऱ्याचा, रामदासचा खांदा निखळला तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही.

रामदास वडपे गावच्या गोदामात हमाल होता. कापडाचा गठ्ठा वरून घसरला, तो धरायला त्याने हात वर केला आणि खांदाच निसटला. दर रविवारी बौद्ध विहारात वंदनेला बसणारा माणूस तो. म्हणाला, "बुवाकडं मी येयाचा न्हाय. आधी हाडाचा फोटो काढू." चंपाने त्याला उडवूनच लावलं. फोटोने हात हलतो का, मी डोळ्यांनी पाह्यलंय, असं म्हणत तिने त्याला रिक्षात बसवलं. दुखण्यापुढे त्याचा हट्ट टिकला नाही.

बाबाने खांदा ओढला, पिळला. टक् झालं नाही, करकरलं. रामदासला घेरी आली. सांध्यात शिरलेलं भूत मोठं आहे, असं सांगून बाबाने हात पोटाशी बांधला, काळ्या दोऱ्याला सात गाठी मारल्या आणि सव्वा महिना सोडायचा नाही की भिजवायचा नाही असं बजावलं. चंपाने एकही गाठ ढिली होऊ दिली नाही की भिजू दिली नाही.

सव्वा महिन्याने दोरा सोडला. हात खांद्यातून उचलेना. खांद्याची गोलाई जाऊन तो सपाट पडला होता, तिथे चिमटा घेतला तरी त्याला कळत नव्हतं. मग दोघं टेमघरला डॉक्टर निवेदितांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरला. "खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीवर धरून ठेवतात अस्थिबंध, चिवट पट्ट्यांसारखे. ते फाटले आणि गोळा पुढे घसरला. त्याच दिवशी आला असतात तर अर्ध्या तासात बसवला असता. आता खोबण भरून आलीय, आणि ताणून ताणून शीर गेलीय."

"मग आपरेशन?" चंपाने विचारलं.

"करता येईल. दुखणं कमी होईल. हमाली मात्र विसरा."

चंपाने एक्स-रे जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाली, "पण माझी पोर बरी झाली, ती कशी?"

दीक्षाचा हात लोंबला त्या दिवशी काय झालं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा चंपाला आठवलं. गोदामावर कामाला जाणाऱ्या बायकांना पोरांसकट न्यायला येणारा टेम्पो उंच. आधी बाई चढते, मग खालून कुणीतरी पोर वर करतं आणि बाई त्याला एका मनगटाला धरून वर ओढते. दीक्षा त्याच वेळी किंचाळली होती.

"लहान पोराच्या कोपरात हाडाचं टोक एका कड्यात फिरतं. कडं म्हणजे अस्थिबंधच. या वयात ते सैल असतं. मनगटाला हिसका बसला की टोक कड्यातून सटकतं. तळहात फिरवून हात दुमडला की परत आत जातं, ते टक्. कधी कधी आपोआपही जातं. भूतबीत काही नाही, ताई, तुमचा टेम्पो आहे."

पुढच्या गुरुवारी चंपा आणि रामदासला घेऊन डॉक्टर स्वतः शेडमध्ये आल्या. एका आईला विचारून पोराचं कोपर धरलं, नीट चाचपलं, तळहात फिरवला. टक्. पोराने बिस्किट घेतलं. त्यांनी कड्याची गोष्ट सगळ्यांना समजावून सांगितली.

बाबा हसला. "देखा? मेरे आँगन में आयी, तो इसके हाथ में भी शक्ती आ गयी!"

बायका पुढं सरकल्या आणि डॉक्टरांच्या पाया पडू लागल्या. एकीने अंगारा मागितला. डॉक्टर नको नको म्हणत मागे सरत राहिल्या.

चंपाने रामदासचा सदरा काढला आणि त्याचा सपाट पडलेला खांदा सगळ्यांसमोर धरला. समोर बसलेल्या एका वयस्कर दाजींनी तो निरखून पाहिला. "सव्वा महिन्यात कवातरी गाठ भिजली असंल," ते म्हणाले. माना डोलल्या. रामदास म्हणाला, "चल, चंपा."

आता दर गुरुवारी दोघं शेडच्या दाराशी उभी असतात. पोराला उचलताना दोन्ही काखांत हात घाला, हात लोंबला तर दवाखान्यात न्या, मोठ्या माणसाचा सांधा निखळला तर त्याच दिवशी न्या, असं चंपा येईल त्याला सांगते. माणसं रामदासकडे पाहून हळहळतात आणि आत जातात.

परवा एक तरुण आई तिच्यावर वैतागली. "अगं आक्का, तो बरं करतो का न्हाय, तेवढं सांग."

"करतो," चंपा म्हणाली. "तुझ्या पोराचा हात तो बसवील. माझ्या पोरीचा बसवलाच की. म्हणून तर खांदा निखळला तेव्हा मी ह्यांना इथंच घेऊन आले."

बाईने रामदासकडे पाहिलं, पोराला सावरलं आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.