चाकाला शिवायचं नाय

रंगूबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती नवऱ्याच्या, चिमाजी कुंभाराच्या, एका वाक्यानं.

"बसा मॅडम, लाजू नका. आपलंच चाक समजा!"

आपलंच! अगं आई गं! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण रंगूबाईला कुणी असं म्हटलं नव्हतं. चाक म्हणजे देव, बाईनं शिवायचं नाही, हे तिनं सासरी पाऊल टाकल्या दिवशीच ऐकलं होतं. बाईनं माती आणायची, चाळायची, राख-लीद घालून तुडवायची, भट्टीचा धूर खायचा. देव तेवढा पुरुषांचा! लेक छाया सात वर्षांची असताना खेळता खेळता चाकावर बसली, तेव्हा चिमाजीनं घर डोक्यावर घेतलं. त्याच्या धाकानं रंगूबाईनंच पोरीच्या हातांवर फोकानं वळ उठवले होते. छाया सासरी गेली, पण ते वळ काही रंगूबाईच्या डोळ्यांपुढून हलेनात.

आणि आता गंगापूर धरणाकडच्या ह्या द्राक्षमळ्यातल्या रिसॉर्टात दर रविवारी मुंबईच्या बायका 'मातीकाम शिका' म्हणून येत होत्या. चिमाजी त्यांना हौसेनं चाकावर बसवत होता. रंगूबाई मागं उन्हात माती तुडवत होती.

एक पोरगेलीशी बाई तिच्याकडं वळली. "काकू, तुम्ही दाखवा ना एक मडकं करून!"

"तिला काय येतंय?" चिमाजी खो खो हसला. "ती नुसती माती तुडवती."

नुसती! रंगूबाईनं लुगड्याला पाय पुसले आणि सरळ चाकापुढं जाऊन बसली.

"रंगे, ऊठ! देव बाटंल!"

"अन् ह्या इतक्या बाया बसल्या, तवा न्हाई बाटला? माझ्याच हातानं बरा बाटतोय! फिरवा काठी."

पाहुण्यांदेखत चिमाजीला नमावं लागलं. काठी लावून चाक गरगर फिरवलं त्यानं. पण मातीची नस न् नस ओळखणारे रंगूबाईचे हात चाकावर पार आंधळे झाले. गोळा डुगडुगला, कलला आणि फतकन बसला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "पहिल्यांदाच ना काकू? छान जमलं हं!"

टाळ्या कसल्या वाजवता मेल्यांनो! रंगूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. अठ्ठावीस वर्षं चाकापासून चार हातांवर काढली, आणि आज ती ह्या पाहुण्यांइतकीच अडाणी ठरली.

"झाली हौस?" चिमाजी खुशीत आला. "ऊठ आता. माती आण."

"माती तुमी आणा. मी बसलेय."

सगळ्या त्याच्याकडं बघायला लागल्या. चिमाजी मागं गेला. तिथं मातीचे तीन ढीग होते. त्यानं एकात बोट खुपसलं, दुसऱ्यात खुपसलं आणि गोंधळून हाक मारली, "अगं, ह्यातला तयार कुठला?"

"मला काय इचारता?" रंगूबाई जागची हलली नाही. "नुसती तुडवायची तर असती. तुडवा कुठलाबी!"